जिभेचं तोंड दाराकडं

आपल्याजवळ एक गुपित आहे ही बातमी साऱ्या नेवासा तालुक्याला तोंडपाठ करून सोडायची, आणि ते गुपित काय आहे हे मात्र सख्ख्या बायकोलाही कळू द्यायचं नाही, हे ज्याला जमलं असा माणूस माझ्या पाहण्यात एकच. ते म्हणजे आमच्या हिचे मामा. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. लिहिलं असतं तर त्यांनी मला बाजूला घेतलं असतं, खिडकी लावून घेतली असती आणि म्हणाले असते, "जावईबापू, नाव कशाला छापायचं? नावावरनं गाव कळतं, गावावरनं हीर कळती, आन हीर कळली म्हंजी झालंच की सगळं!" तेव्हा नाव राहू द्या. मामा म्हटलं की पुरे.

मामा सोनईच्या पुढं मळ्यात राहायचे. उंच, वाळलेले, अंगात लेंगा आणि कारखान्याच्या नोकरीतून उरलेला खाकी शर्ट, डोक्यावर टोपी, आणि बाकीच्यांच्या खिशात पेन असतं त्या जागी मामांचा पाना. एका साखर कारखान्यात त्यांनी फिटर म्हणून बरीच वर्षं काढली होती. यंत्रांच्या धडधडाटानं त्यांना ऐकायला कमी यायचं, आणि त्यामुळं ते कुजबुजले की ते तिसऱ्या घरात स्पष्ट ऐकू जायचं. मी तेव्हा नगरला शाळेत मास्तर होतो आणि केडगावात दोन खोल्यांत आमचं बिऱ्हाड होतं. मामा आले की आधी दार लोटायचे, मग पडदा ओढायचे, मग माझ्या कानाशी तोंड आणून म्हणायचे, "कुनाला सांगू नका!" आणि भिंतीपलीकडून शेजारच्या काकू विचारायच्या, "काय सांगायचं नाही हो?" वर्गभर पोरांना गप्प बसवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, पण या एका माणसापुढं मी हात टेकले होते. बरं, रागावायची सोय नव्हती. मी पडलो जावई. मी खुर्चीत बसल्याशिवाय मामा टेकायचे नाहीत, आणि मी चहा घेतल्याशिवाय त्यांच्या बशीत चहा पडायचा नाही. इतका मान देणाऱ्या माणसाला "हळू बोला" असं सांगायचं तरी कसं?

एवढं लपवण्यासारखं होतं तरी काय? आता सगळं होऊन गेलंय, तेव्हा सांगायला हरकत नाही. तो विहिरीवरचा रहाट होता. ती पावसानं दगा दिलेली वर्षं होती. विहिरींचं पाणी पार तळाला गेलेलं, आणि बायका हातभर लांब दोर वाढवून वाढवून पाणी शेंदायच्या. भरली घागर वर येता येता हात दमला, दोर निसटला, की रहाट उलटा गरगर फिरायचा, घागर दाणकन खाली, आणि तळहाताची सालटी निघायची. एकदा मामींचा असाच दोर सुटला. दोन्ही हात असे सोलून निघाले की पीठ मळता येईना. तेव्हा भाकऱ्या मामांनी थापल्या, आणि मला वाटतं त्या स्वतःच खाल्ल्यावर त्यांना शोध लावायची निकड पटली. त्यांनी नोकरी सोडली, "जमीन दादा सांभाळतोय, मी डोकं सांभाळतो" असं जाहीर केलं, आणि गोठ्याशेजारच्या छपरात ठाकठोक सुरू केली. मोठे भाऊ बिचारे शेत बघायचे आणि धाकट्याचं घरही चालवायचे. एका शब्दानं कधी बोलले नाहीत.

रहाट झाला तो मात्र झकास. चाकाला एका अंगानं कललेले दाते, आणि त्या दात्यांत पडणारी लोखंडाची एक लहानशी खिट्टी. तिला मामा 'जीभ' म्हणत. जिभेचं तोंड पाण्याकडं. दोर ओढला की जीभ कट् कट् करत दात्यांवरून उड्या मारते, आणि दोर सोडला की पटकन दात्यात अडकते. चाक जागच्या जागी. शिवाय दोर बसतो ती खाच वरून रुंद आणि आत निमुळती, म्हणजे दोर तिच्यात रुतून बसतो, घसरत नाही. घागर खाली सोडायची तर एक साखळी ओढून जीभ उचलायची. बस्स. हे मी इथं चार ओळींत सांगितलं खरं, पण मामांकडून ते काढून घ्यायला मला वर्ष लागलं. घरात त्यांनी मामींना सांगितलं होतं, "पाखरं हाकायचं यंत्र हाय." मामींनी विचारलं, "मंग हिरीवर कशापायी बांधलंय? हिरीत कुठली पाखरं?" मामा म्हणाले, "पारवं." मामी आत गेल्या. मामा घागरीच्या जागी धोंडा बांधायचे, ओढायचे, सोडायचे, आणि कुणी येतंय असं वाटलं की सगळं सोडवून पोत्यात भरून ठेवायचे. मामींना त्यांनी एकदाही दोराला हात लावू दिला नाही.

या लपवालपवीला कारण होतं. पूर्वी मामांनी बैलगाडीखाली कंदील टांगायची एक कडी केली होती. गाडी कितीही आदळली तरी कंदील हलायचा नाही. मामांनी ती हौसेनं बाजारात सगळ्यांना दाखवली, हातात दिली, कशी वाकवायची तेही सांगितलं. पुढच्या दिवाळीला तीच कडी प्रत्येक दुकानाच्या दाराला लटकत होती. "ही मी केली" असं मामांनी एका दुकानात म्हटलं, तर दुकानदार आणि गिऱ्हाइकं पोट धरधरून हसली. "काय मामा, कायबी सांगता!" ते हसणं मामांना फार लागलं. कडीचं काही नाही म्हणायचे, "पन मला खोटा पाडला." या वेळी वस्तू जगापुढं येईल ती आपल्या नावाचा सरकारी कागद घेऊनच येईल, असं त्यांनी मनाशी घेतलं होतं. आणि त्या एका कागदापायी हा साधा माणूस सगळ्यांच्या चेष्टेचा विषय होऊन बसला होता.

चेष्टा होईल नाही तर काय? रहाटाचा एक भाग सोनईच्या लोहाराकडं, दुसरा नगरला लेथवर, तिसरा नेवाशात, असे त्यांनी तुकडे तुकडे करून घेतले. कुणालाच अख्खी वस्तू कळता कामा नये. लोहाराला वाटलं चरकाचं काम आहे. नेवाशाच्या कारागिराला वाटलं शिवणयंत्राचं. लेथवाल्याला मात्र जीभ आणि साखळी बघून भलतीच शंका आली, आणि एके दिवशी मळ्यात हवालदार हजर! "तुम्ही म्हणं पिस्तूल बनवताय?" मामांनी पिस्तूल नाही असं सांगितलं, पण मग काय आहे ते सांगेनात. हवालदारानं छप्पर धुंडाळलं, पोत्यात हात घातला, जिभेत बोट अडकवून घेतलं आणि बोंब ठोकली. मामींनी हळद लावून चिंधी बांधली, चहा दिला. जाताना हवालदार म्हणाला, "मामा, आता तरी सांगा, मला कशानं चावलं?" मामा म्हणाले, "पारव्यांचं हाय."

आणि एसटीतला तो प्रसंग! वस्तू पोत्यात घालून, पोतं मांडीवर घेऊन मामा नगरला यायला निघाले. कंडक्टरनं विचारलं, "काय आहे यात?" मामा म्हणाले, "न्हाई सांगनार." तेवढ्यात गाडीनं खड्डा घेतला आणि पोत्यातून आवाज आला, कट् कट् कट्. कंडक्टर म्हणाला, "कोंबडी आहे होय? मग तसं सांगा. तिकीट पडेल." पोतं उघडण्यापेक्षा मामांनी मुकाट्यानं कोंबडीचं तिकीट काढलं. शेजारच्या म्हाताऱ्यानं चौकशी केली, "खुडूक हाय का?" तर मामा म्हणाले, "व्हय. बोलू नका, तिला तरास हुतो." नगर येईपर्यंत साऱ्या गाडीनं कोंबडीच्या काळजीनं तोंड उघडलं नाही.

पण गुपित सांभाळायचं आणि भांडवलही उभं करायचं, या दोन्ही गोष्टी एका घरात कशा नांदाव्यात? साचे करायचे, ओतकाम करायचं, चार रहाट तरी बाजारात मांडायचे, तर पैसा हवा. आणि वस्तू बघितल्याशिवाय पैसा देईल असा माणूस अजून जन्माला यायचाय. नगरला एक लोखंडाचे व्यापारी होते, त्यांना सगळे शेठच म्हणत. मामांच्या आग्रहावरून मी त्यांच्या पेढीवर मामांना घेऊन गेलो. मामांनी पोतं मांडीवर घेतलं आणि म्हणाले, "वस्तू लई कामाची हाय. पैसा घाला. दाखवनार मात्र न्हाई." शेठनी गादीवरची बैठक सावरली. "खायची का वापरायची?" "वापरायची." "बाप्यांनी का बायांनी?" मामांनी बराच विचार केला. "बायाच वापरत्यात. पन बाप्यानं वापरली तरी बिघडत न्हाई." "घरात का बाहेर?" मामांनी माझ्याकडं पाहिलं, मी छताकडं पाहिलं. "जावईबापू, हे आता लई जवळ आलं," म्हणत मामा पोतं उचलून तडक जिना उतरले. शेठ हसले नाहीत. ते पोत्याकडं बघत राहिले, आणि मला ते बघणं आवडलं नाही.

मग कुणीतरी सुचवलं, की शोधाचं पेटंट घ्या. या शब्दानं तर मळ्यात धमाल उडाली. "मामांचं पेटंट" हे ऐकल्यापासून आसपासचे लोक "मामा, पेटलं का?" असं विचारायला लागले. मोठ्या भावानं गंजीपासून छप्पर लांब हलवायला लावलं. पुण्यात हे काम करणारे एक वकील आहेत असं कळल्यावर मी मामांना तिकडं घेऊन गेलो. वकील शांत, बारीक आवाजात बोलणारे गृहस्थ. पहिल्यांदाच त्यांनी बजावलं, "एक लक्षात ठेवा. अर्ज दाखल होईपर्यंत शोध कुणालाही सांगायचा नाही. एकदा चारचौघांत फुटला, की तो नवा राहत नाही, आणि पेटंट मिळत नाही." आपल्या जन्माची तपश्चर्या या माणसानं ओळखली, अशा कृतज्ञतेनं मामांचे डोळे भरून आले. वकिलांनी कागद पुढं ओढला. "हं, आता सांगा. काय शोध आहे?"

"न्हाई सांगनार," मामा म्हणाले.

"अहो, मला सांगायला हवं."

"तुमीच म्हनला की, कुनालाच न्हाई."

वकिलांनी समजावलं, मी समजावलं, वकिलांच्या पत्नींनी चहा आणून समजावलं. मामा हलले नाहीत. निघताना वकील मला म्हणाले, "पक्षकार खोटं सांगतात, अर्धवट सांगतात. पण अजिबात न सांगणारे हे पहिलेच." मी एसटीत खिडकीकडं तोंड फिरवून बसलो. मामा मात्र समाधानात होते. "मानूस पक्का हाय," म्हणाले, "हेच्याकडंच काम द्यायचं."

असे महिने गेले. संक्रांत आली. ही हळदीकुंकवासाठी मामींकडं मळ्यात गेली होती आणि संध्याकाळी परत यायची होती. तेवढ्यात इकडं मामा दारात उभे, ते नेहमीचं पोतं काखेत. मी रागानं म्हटलं, "मामा, त्या वकिलांना सगळं सांगणार असाल तर उद्या येतो, नाहीतर माझं नाव काढू नका." मामा विचारात पडले. बहुधा ते हो म्हणणार होते. इतक्यात ही आली, हातातली तिळगुळाची पुडी ठेवली आणि चपला काढता काढताच म्हणाली, "अहो, मामींनी काय झकास उखाणा घेतला! सगळ्या बायका मागं लागल्या, जुना चालणार नाही, नवाच हवा. मग मामी लाजल्या, आणि म्हणाल्या,

रहाटाला दाते, दात्यांत जीभ, जिभेचं तोंड दाराकडं;
दोर सुटला तरी घागर पडंना, अमुकरावांचं लक्ष घराकडं!

काय टाळ्या पडल्या म्हणता! सगळ्यांनी पाठ केला. नगरच्या शेठची सोनईला दिलेली बहीण आली होती, ती तर दोनदा म्हणवून घेऊन गेली." 'अमुकराव' मी घातलंय, हिनं मामांचं नाव चांगलं खणखणीत घेतलं होतं.

मी मामांकडं पाहिलं. मामा पोतं धरून भिंतीला टेकले होते. त्यांनी माझ्यापासून, शेठपासून, हवालदारापासून, कंडक्टरपासून, खुद्द वकिलापासून जपलेलं ते सगळं, दाते, जीभ आणि घागर, यमकासकट हळदीकुंकवाच्या वाणाबरोबर गावभर वाटलं गेलं होतं. लोखंडाच्या जिभेचा बंदोबस्त त्यांनी केला होता, माणसाच्या जिभेचा राहिला. "पारवं," एवढंच ते म्हणाले आणि मटकन खाली बसले. मला तेव्हा खरंच भडभडून आलं. या माणसाला पुन्हा एकदा कुणीतरी "कायबी सांगता" म्हणणार, आणि या खेपेला तो त्यातून उठायचा नाही, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी मामा, मामी आणि मी पुण्याला निघालो. ज्यांच्या तोंडून फुटलं त्याही हव्यात म्हणून मी निरोप धाडला होता, तसे मोठे भाऊ सकाळीच मामींना सोनईहून आणून पोचवून गेले होते. वकिलांकडं गेल्यावर मामांनी पोतं टेबलावर उलटं केलं. इतक्या दिवसांनी! चाक, जीभ, साखळी, सगळं घरंगळलं. "घ्या," ते म्हणाले, "आता सगळ्यांलाच ठावं हाय. तुमीच तेवढं राहिला हुता." वकिलांनी सगळं नीट पाहिलं, समजून घेतलं. मग म्हणाले, "नेमकं काय फुटलंय ते मला शब्दन्‌शब्द कळायला हवं. तो उखाणा म्हणा बरं."

मामी म्हणेनात. परक्या पुरुषापुढं, कचेरीत, सणाविना आणि कारणाविना नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? वकिलांनी कायद्याचं महत्त्व सांगितलं, मामींनी मान खाली घातली. मामा चिडले, "गावात वरडून सांगितलं, हितं वाचा बसली व्हय?" शेवटी वकिलांच्या पत्नीच पुढं आल्या. त्यांनी मामींना पाट दिला, हळदीकुंकू लावलं, हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाल्या, "संक्रांतीचे दिवस आहेत, वहिनी. पहिल्यांदाच आमच्या घरी आलात. नाव घ्या." झालं! मामींनी एका दमात उखाणा म्हटला.

वकील लिहिता लिहिता थांबले. त्यांनी चाक हातात घेतलं, फिरवलं, जीभ पाहिली. "परत म्हणा." मामींनी परत म्हटला. "जिभेचं तोंड कुणीकडं?" "दाराकडं." "दार म्हणजे?" मामा म्हणाले, "आमच्या परसातल्या हिरीला एका अंगाला घराचं दार, बाई तिथं हुबी ऱ्हाती. दुसऱ्या अंगाला पानी." आणि म्हणता म्हणता तेही थांबले. "आगं, पन तोंड तर पान्याकडं हाय!"

"ते मला ठावं न्हाई व्हय?" मामी पहिल्यांदाच बोलल्या. "रोज चुलीपासनं बघत हुते की. पन पान्याकडं-घराकडं जुळत न्हाई. दाराकडं-घराकडं कसं गोड जुळतं!"

आधी वकिलांच्या पत्नी हसल्या. मग वकील. तो शांत माणूस असा हसला, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "मामा, दाते आणि जीभ जगात जुनीच आहेत. तुमचं नवं आहे ते या निमुळत्या खाचेत, साखळीत, आणि हे सगळं रहाटावर ज्या तऱ्हेनं बसवलंय त्यात. त्यातलं उखाण्यात काहीच नाही. जे आहे ते उलटं आहे. या उखाण्यावरून कुणी रहाट केला, तर घागर आत जाईल, वर यायची नाही. हे तुमच्या शोधाचं वर्णनच नव्हे. सही करा." मामांनी सही केली. सही करतानाही त्यांनी सवयीनं दुसऱ्या हातानं कागद झाकून धरला होता. अर्ज त्याच आठवड्यात मुंबईला गेला, आणि अर्ज मिळाल्याचा कागद आल्यावर मामा आमच्या दारात येऊन मोठ्यांदा ओरडले, "जावईबापू, आता कुनालाबी सांगा!" भिंतीपलीकडच्या काकू म्हणाल्या, "अहो, सांगा की मग एकदाचं!" आणि मामांनी त्यांच्या ओट्यावर बसून त्यांना जीभ, दाते आणि खाच सगळं समजावून सांगितलं. काकूंचा स्वयंपाक करपला, पण त्या शेवटपर्यंत ऐकत होत्या.

शेठचं काय झालं ते पुढं कळलं. बहिणीनं पाठ केलेल्या उखाण्यावरून त्यांनी घाईघाईनं ढीगभर चाकं ओतून घेतली होती. एका गावच्या विहिरीवर पहिला रहाट बसवला, हारतुरे झाले, सरपंचांच्या हस्ते घागर आत सोडली. ती झरझर खाली गेली. मग ओढायला लागले, तर चाक जागचं हलेना. सरपंचांनी ओढलं, तरण्या पोरांनी ओढलं. घागर पाण्यातून वर यायचं नाव घेईना. कुणीतरी शहाणपणानं चाक उलटं बसवलं, तर आता दोर खाचेतून सटकला आणि घागर धपकन आत. शेठ आठ दिवस दुकानावर दिसले नाहीत. मग स्वतः मळ्यात आले, पायातल्या वहाणा बाहेर काढून बसले आणि म्हणाले, "मामा, चुकलो. एवढं लोखंड ओतून बसलोय. ही जीभ कुणीकडं असते ते तरी सांगा."

मी त्या दिवशी मळ्यातच होतो. मला वाटलं मामा आता त्यांना चांगलं सुनावतील. त्यांनी आत हाक मारली, "चहा टाक गं, शेठ आलेत." आणि त्यांना म्हणाले, "चाकं वाया जात न्हाईत. लेथवर खाच निमुळती करून घ्या आन जीभ फिरवा. पन लिहून घ्यायचं, वस्तू माझी, पैसा तुमचा." शेठ "लिहून देतो" म्हणाले आणि लगेच कबूल झाले. म्हणजे ज्याच्यापासून एवढं लपवलं, त्यानंच आधी भांडवल घालून ठेवलं होतं. मामांना फक्त जीभ फिरवायची होती. मी इतका हलका झालो त्या दिवशी, की परतीच्या एसटीत अनोळखी माणसालाही ही हकिगत सांगितली.

पहिला खरा रहाट मामांच्याच परसातल्या विहिरीवर बसला. ऊन तापायला लागलं होतं, पाणी पार खाली होतं. शेजारपाजारच्या बायका, शेठ, त्यांची बहीण, मोठे भाऊ, सगळे जमले. नारळ फुटला. "पयली घागर हिनं काढायची," मामा म्हणाले. मामी पुढं झाल्या. साखळी ओढून घागर सोडली, भरली, आणि त्या ओढायला लागल्या. कट् कट् कट्. घागर निम्म्यावर आली तसे मामा म्हणाले, "आता सोड."

मामी सोडेनात.

"सोड म्हनतो ना!"

"आन पडली म्हंजी?"

"अहो सोडा मामी", "सोडा वहिनी", सगळे ओरडायला लागले. मामींना सोडावंसं वाटत होतं, ते तोंडावर दिसत होतं, पण मूठ उघडत नव्हती. आयुष्यभर त्या हातांना एकच शिकवण होती, काही झालं तरी दोर सोडायचा नाही. मामा त्यांच्याजवळ गेले. ओरडले नाहीत. म्हणाले, "सोड गं. त्यानं धरलंय."

मामींनी एक हात सोडला. मग दुसरा. चाक एकदा कट् झालं आणि थांबलं. घागर जिथल्या तिथं, थेंब थेंब गाळत लटकून राहिली. मामी आपल्या रिकाम्या हातांकडं बघत होत्या. मग त्यांनी घसरलेला पदर डोक्यावर नीट घेतला, कपाळाचा घाम पुसला, आणि शेठच्या बहिणीकडं वळून विचारलं, "मग ताई, लेकीचं कुठं जमलं का?" तिनं सांगायला सुरुवात केली. मामींनी कमरेवर हात ठेवला आणि ऐकत राहिल्या. मामा थोडा वेळ थांबले. "आगं, वढ की आता!" मामी मागं न बघताच म्हणाल्या, "थांबा वो, काय घाई हाय? ती काय पळून चाललीय?" सगळे हसले. मामाही.

रहाट चार-पाच वर्षं बरे खपले. मग मळ्यामळ्यांतून पाणी उपसायच्या विजेच्या मोटारी आल्या, गावात नळ आले, आणि शेंदायचं कामच उरलं नाही. मामांच्या कागदाची मुदत कधी संपली ते त्यांनाही आठवत नव्हतं. मामा गेले, त्यांच्या मागोमाग मामीही गेल्या. मामांना जन्मभर वाटत राहिलं, की आपल्या नावाचा कागद मिळाला तोच आपल्या सुटकेचा दिवस. मला तसं वाटत नाही. माझ्या डोळ्यांपुढं येते ती निम्म्यावर लटकलेली भरली घागर, मोकळ्या हातांनी बोलत उभ्या राहिलेल्या मामी, आणि कठड्याला टेकून त्यांचं बोलणं संपायची वाट बघणारे मामा.